आइसलँडचं कौतुक करण्याच्या काही सोप्या रीती

क्युरासाओ वर्ल्ड कपला पात्र ठरल्यापासून आपल्या सगळ्यांवर एक जबाबदारी येऊन पडली आहे: छोट्या देशांच्या फुटबॉलचं कौतुक करण्याची. काम वाटतं तितकं सोपं नाही. मैदानात न उतरता, एकही मॅच पूर्ण नव्वद मिनिटं न बघता ते पार पाडावं लागतं. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते इतकं नमुनेदार पार पडलं की म्हटलं, या रीती लिहूनच ठेवाव्यात. पुढच्या पिढीला उपयोगी पडतील. पुढची पिढी सध्या रिकामीच आहे, कारण तिचा बॉल मीटर रूममध्ये कुलुपात आहे. त्याचं नंतर सांगतो.

सुरुवात लोकसंख्येपासून करा. आणि ती कमीच सांगा. आमच्याकडे सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आलेल्या फॉरवर्डमध्ये निळ्या जर्सीतले, हात वर करून टाळ्या वाजवणारे आइसलँडचे खेळाडू होते आणि खाली ‘लोकसंख्या फक्त दीड लाख!!’ असं होतं. दीड लाखांच्या घरात आहे ती क्युरासाओची. कॅरेबियन समुद्रातलं बेट ते, नोव्हेंबर 2025 मध्ये जमैकाला त्यांच्याच घरी 0-0 रोखून वर्ल्ड कपला पोचलं आणि सर्वांत लहान देशाचा मान आइसलँडकडून घेऊन गेलं. आइसलँडची वस्ती 2016 साली सव्वातीन लाखांच्या वर होती, आता चारला टेकत आली. मी हे अगदी नम्रपणे ग्रुपवर कळवलं. उत्तरादाखल एक अंगठा आला आणि मग ‘भावना समजून घ्या.’ घेतली. तुम्हीही घ्या. फॉरवर्डमधला देश दर वर्षी आक्रसतो. आणखी दोन वर्ल्ड कपनंतर तो आमच्या बी विंगएवढा होईल. तुलना करायचीच तर परदेशातल्या शहराशी करा. कोल्हापूरशी चुकूनही नको. 2011च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, म्हणजे आइसलँडहून मोठं, आणि तिथे शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचला काय गर्दी लोटते ते बघितलेल्या माणसाला ‘आपल्याकडे आवडच नाही हो’ असं ऐकवता येत नाही.

‘140 कोटींत अकरा जण सापडत नाहीत?’ हे वाक्य पाठ असू द्या. ‘शोधायला गेलं कोण होतं?’ असं विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढा.

पुढची रीत दंतवैद्याची. आइसलँडच्या संघात एक दंतवैद्य होता, हे सांगितल्याशिवाय कौतुक पुरं होत नाही. तो कोच होता की गोलकीपर, या फंदात पडू नका. आमच्या फॉरवर्डमध्ये गोलकीपर दंतवैद्य होता, कोच मच्छीमार होता आणि बाकीचे दहा जण ‘दिवसा नोकरी करून’ खेळत होते. वास्तविक दंतवैद्य म्हणजे कोच हेमिर हॉलग्रिमसन. मॅचच्या आधी हा माणूस रेक्याविकच्या एका पबमध्ये जाऊन जमलेल्या चाहत्यांना आजचा संघ कोणता, डावपेच काय, हे आधीच सांगून टाकायचा आणि ते बाहेर फुटायचं नाही. (आमच्या कमिटीच्या बंद दाराआडच्या बैठकीतली वाक्यं दूधवाल्याला माहीत असतात.) गोलकीपर हान्नेस हॉल्डोर्सन हा फिल्म दिग्दर्शक. 2018च्या वर्ल्ड कपमध्ये मॉस्कोत त्याने मेस्सीची पेनल्टी अडवली, अर्जेंटिनाला 1-1 वर समाधान मानावं लागलं, आणि नंतर त्याने सांगितलं की मेस्सीच्या पेनल्ट्या बसून अभ्यासल्या होत्या. उजव्या बाजूचा बचावपटू सेवार्सन तेव्हा मिठाच्या पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होता, हेही खरं. पण बाकीचे बहुतेक युरोपातल्या क्लबांचे पगारी, पूर्णवेळ खेळाडू होते. गिल्फी सिगुर्डसन इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळत होता. हे मात्र सांगू नका. पूर्णवेळ म्हटलं की तयारी आली, तयारी म्हटलं की पैसा आला, आणि गोष्टीतला गोडवा जातो.

इतिहास 2016 पासून सुरू करा. युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, फ्रान्समधलं नीस, इंग्लंड 1, आइसलँड 2. इंग्लंडच्या रूनीची चौथ्या मिनिटाला पेनल्टी, आणि अठराव्या मिनिटापर्यंत आइसलँडचे दोन गोल. बस. त्याआधी काही नव्हतंच. 1946 साली पहिला आंतरराष्ट्रीय सामना घरच्या मैदानात डेन्मार्ककडून 0-3 हरले, ते नव्हतं. 1967 साली कोपनहेगनमध्ये त्याच डेन्मार्ककडून 2-14 हरले, ते तर मुळीच नव्हतं. चौदा गोल! आपल्याकडे चौदा गोल खाल्ले असते तर फुटबॉलवर चौकशी समिती बसून तिचा अहवाल अजून यायचा असता. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला लागले.

माझा आवडता प्रसंग 1996 सालचा. एस्टोनियाविरुद्ध तालिनमध्ये आर्नोर गुडजॉनसन बाहेर आला आणि बदली म्हणून आत गेला त्याचा सतरा वर्षांचा मुलगा आयदूर. बाप-लेक एकत्र मैदानात उतरले नाहीत, कारण तो सोहळा घरच्या प्रेक्षकांसमोर करू असं अधिकाऱ्यांच्या मनात होतं. पुढे महिन्याभरात मुलाचा पाय मोडला आणि ती वेळ कधी आलीच नाही. बावीस खेळाडू, एक रेफ्री, सगळे हजर, आणि योग वरच्यांच्या मुहूर्तासाठी हुकला. आपल्याला यात परकं काही वाटायला नको. तोच आयदूर वीस वर्षांनी, सदतिसाव्या वर्षी, 2016च्या युरो स्पर्धेत संघात होता. फॉरवर्डमध्ये मावत नाही असली गोष्ट, लांब होते.

महिलांच्या संघाचा विषय निघाला तर नेटवर्क गेलं म्हणा. त्या पुरुषांच्या सात वर्षं आधी, 2009 साली युरो स्पर्धेत खेळल्या आणि 2013 साली उपांत्यपूर्व फेरीत गेल्या. हे कळल्यावर टाळ्या कोणासाठी वाजवल्या असा प्रश्न पडतो.

टाळ्यांवरून आठवलं: ती संथ, हात वर करून वाजवायची टाळी आपल्या वर्धापन दिनाला अवश्य करा. मैदान लागत नाही.

आता मुख्य रीत. याला ‘चमत्कार’ म्हणा. जिद्द म्हणा, व्हायकिंग रक्त म्हणा. चमत्काराचा फायदा असा की त्याला खर्च येत नाही, जागा लागत नाही आणि शेजाऱ्यांच्या गाडीचा आरसा फुटत नाही. चमत्कार म्हटलं नाही तर हिशेब मांडावा लागतो, आणि तो हिशेब फार रटाळ आहे. आइसलँडमध्ये हिवाळ्यात दिवसाचा उजेड चार-पाच तास. वारा असा की मारलेला बॉल आपल्याकडेच परत येतो. जुनी मैदानं गवताची नव्हेत, खडीची. घसरलं की गुडघा सोलला. म्हणून 2000 साली केफ्लाविकला त्यांनी एक प्रचंड हॉल बांधला. आत पूर्ण आकाराचं फुटबॉलचं मैदान, वर छप्पर. दोन वर्षांनी कोपावोगुरला दुसरा. मग आणखी. बांधले कोणी? नगरपालिकांनी. कुठल्या उद्योगपतीने नाही, कुठल्या सिनेनटाच्या क्लबने नाही, नळाचं पाणी आणि कचरा बघणाऱ्या नगरपालिकांनी. शाळांच्या आवारात कृत्रिम गवताची छोटी मैदानं केली, शंभराहून जास्त. पाच-सहा वर्षांच्या पोरांना शिकवायलाही परवाना काढलेले, पगार घेणारे प्रशिक्षक नेमले. असे काही शे तयार केले. आणि मग वाट बघितली. याच छपराखालच्या पोरांनी 2010 साली 21 वर्षांखालच्या गटात जर्मनीला 4-1 हरवलं, पुढच्या वर्षी त्या वयोगटाच्या युरोपियन स्पर्धेत खेळले, मग मोठे होऊन पात्रता फेरीत नेदरलँड्सला घरी आणि ॲमस्टरडॅममध्ये असं दोनदा हरवलं, आणि 2016 साली नीस. पहिल्या हॉलपासून सोळा वर्षं. सोळा वर्षांत आमच्या सोसायटीने काय केलं सांगू?

इमारत नवी होती तेव्हा ब्रोशरवर ‘मुलांसाठी प्रशस्त क्रीडांगण’ होतं. हिरवं चित्र, त्यात पळणारी गोरी मुलं. आधी त्यातला अर्धा भाग पाहुण्यांच्या पार्किंगला गेला. पाहुणे वर्षाला तीन येतात, गाड्या सभासदांच्याच दुसऱ्या-तिसऱ्या असतात. मग चिखल होतो म्हणून उरलेल्यात पेव्हर ब्लॉक. मग एका कोपऱ्यात जनरेटर. मग ज्येष्ठांसाठी कट्टा, त्याला माझा विरोध नाही, पण कट्टा नेमका गोलपोस्टच्या जागी हवा होता का? शिल्लक राहिली ती बारा पावलांची पट्टी. त्या पट्टीत आमची मुलगी आणि तिच्या सहा-सात मैत्रिणी-मित्र पेव्हरवर गुडघे सोलत खेळतात. खडीच्या मैदानावर खेळणारे आइसलँडचे म्हातारे बघून गहिवरले असते.

रविवारी सहा चारला फॉरवर्ड. आणि अकरा वाजता, त्याच हातांनी, कट्ट्याशेजारी नवी पाटी: ‘येथे फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ दुपारी बॉल जप्त. मी मीटर रूमपाशी गेलो तर सेक्रेटरी काका म्हणाले, ‘‘अहो, मुलांना जरा खेळाची शिस्त लावा. आइसलँडचं पाठवलंय मी सकाळी, वाचलंत ना?’’

वाचलं, काका.

पुढे काय झालं हा भाग कौतुकातून वगळायची रीत आहे, पण आता रीतीभाती राहू द्या. चमत्कार असता तर टिकला असता. 2018च्या वर्ल्ड कपनंतर तीनच महिन्यांत स्वित्झर्लंडने त्यांना 6-0 धुतलं. 2020 साली बुडापेस्टमध्ये हंगेरीविरुद्ध 88व्या मिनिटापर्यंत 1-0 पुढे होते आणि 2-1 हरून युरोला मुकले. 2024 साली युक्रेनविरुद्ध पहिला गोल करून पुन्हा 2-1 हरले. नोव्हेंबर 2025 मध्ये वर्ल्ड कपच्या शर्यतीत टिकायला त्याच युक्रेनशी नुसती बरोबरी पुरली असती. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाल्ले. म्हातारी झालेली पिढी, जेमतेम चार लाखांतून पुन्हा अकरा जण उभे करायचे, हे असंच असतं. आणि तरी मुलं हॉलमध्ये खेळतायत. हॉल कोणी लग्नाला दिला नाही. 2021 साली लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून त्यांच्या फुटबॉल संघटनेवर टीका झाली तेव्हा अध्यक्ष गेला आणि मागोमाग अख्खं मंडळ पायउतार झालं. अख्खं मंडळ! आमची कमिटी लिफ्ट चार महिने बंद असताना हलली नव्हती.

तेव्हा पुरे झाला उपदेश. ज्याला ज्याला आइसलँड आवडतं त्याने आधी आपल्या खिडकीतून खाली बघावं. मोकळी जागा दिसली की आपल्या डोक्यात पहिला विचार गाडीचा येतो, दुसरा मांडवाचा. पोरं शेवटी. पोरं आवाज करतात, बॉल लागतो, झाडं मोडतात, अभ्यास करत नाहीत. आणि संध्याकाळी तीच पोरं मोबाइल घेऊन सोफ्यावर पडली की ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणायला आपण मोकळे. नव्हतंच. तुमच्या वेळी मैदान होतं. ते तुम्ही खाल्लंत. आम्ही खाल्लं म्हणा. पेव्हर ब्लॉकच्या ठरावाला सर्वसाधारण सभेत हात मीही वर केला होता, तेव्हा नुकतीच गाडी घेतली होती. लाज वाटते सांगायला, पण इतिवृत्तात सही आहे माझी.

आता तो ठराव फिरवायला मी अर्ज दिला आहे. पाठिंब्याला आत्तापर्यंत तीन सह्या आहेत, त्यातल्या दोन भाडेकरूंच्या म्हणून बाद. फॉरवर्डला अंगठे दाखवणारे एकेचाळीस जण होते, मी मोजले. त्यांनी खाली येऊन सही करावी. अर्ज वॉचमनच्या टेबलावर आहे, पेन बांधून ठेवलंय.

आणि काका, बॉल द्या. चार नंबरचा आहे, निळा-पांढरा, थोडी हवा कमी आहे. किल्ली तुमच्याच कडे असते. पोरं सहाला खाली येतात.