‘रिकामटेकड्यांचे उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकास

‘खाडीकाठचा’ यांस,

किडनी बदललेल्या माणसांचं जगणं प्रश्नावलीने कसं मोजतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘कागदावर खुणा करून कुणाचं जगणं मोजता येत नाही. रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत हे. प्रश्न सगळे परदेशी. आणि ज्यांची बदललेली किडनीही गेली, त्यांना कोण विचारतं? चतुर्थीला पपनससुद्धा खायचं नाही, तर ते जगणं कसलं!’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘रिकामटेकडे’? हा शब्द तुम्ही समोर बसून वापरला असतात का?

तुमचं एक म्हणणं आधीच मान्य करून टाकतो. १९९२ साली आलेल्या एसएफ-३६ या प्रश्नावलीच्या मूळ इंग्रजीत ‘व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, गोल्फ खेळणं जमतं का’ असं खरंच आहे. वेंगुर्ल्यात गोल्फ कोण खेळतो! पुढे मी स्वतः रुग्णांना प्रश्न वाचून दाखवायला बसायचो, तेव्हा ‘जिने चढता का’ याच्या जागी ‘पाखाडी (आमच्याकडची दगडी पायऱ्यांची वाट) चढताना दम लागतो का’ असं विचारायचो. (असे शब्द मनाने बदलायचे नसतात, हे नंतर मला ऐकवलं गेलं.) झालं समाधान?

आता त्या उद्योगाबद्दल. २०१५ साली माझी किडनी बदलली. दिली बायकोने. तपासणीसाठी कुडाळहून रात्रीची रेल्वे पकडायची. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची पातळी सकाळच्या डोसाआधीच्या रक्तात बघतात, म्हणून नऊची गोळी सदऱ्याच्या खिशात ठेवून रांगेत बसायचं. नंबर लागला की डॉक्टर विचारणार, ‘‘काय गुरुजी, कसं काय?’’ मी म्हणणार, ‘‘बरां आसा.’’ क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.२, म्हणजे ठीक; फाईल बंद. दोन वर्षं हेच.

बरं काही नव्हतं. गोळ्यांनी हात थरथरायचा. फळ्यावर ‘क्ष’ काढला की पहिल्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपर मारायची. स्टिरॉइडने तोंड सुजलेलं, त्यावर लोक म्हणायचे, ‘‘गुरुजी, तब्येत झकास सुधारली!’’ अंग जरा कोमट लागलं की रात्रभर डोळा नाही. आणि हे डॉक्टरांना सांगणार कसं? बायको शेजारच्या खुर्चीत. तिची किडनी पोटात घेऊन तिच्यादेखत ‘मला जगण्यात राम वाटत नाही’ म्हणायचं? तुम्ही म्हणाला असतात?

एकदा ती औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होती. शिकाऊ डॉक्टर मुलगी त्याच एसएफ-३६चा कागद घेऊन आली. त्यात प्रश्न होता : गेल्या ४ आठवड्यांत, कशानेही उभारी येणार नाही इतकं मन खचलं होतं का? ‘सतत’पासून ‘कधीच नाही’पर्यंत सहा पर्याय. मी दुसऱ्यावर खूण केली. खूण कसली, गांडुळासारखी रेघ. ती मुलगी तो कागद घेऊन तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली, आणि त्याच दिवशी मला समुपदेशकासमोर बसवलं. दोन वर्षांत ‘कसं काय’ला जे साधलं नाही, ते त्या छापील ओळीने केलं. रिकामटेकडी होती का ती मुलगी? सांगा ना.

शिवाय ‘मोजता येत नाही’ म्हणताना मोजतात कसं ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. लेखात होतं, पण तुम्ही बहुधा शीर्षकावरच थांबलात. सगळ्याची एक बेरीज करून पास-नापास करत नाहीत. चालणं-फिरणं, दुखणं, हुरूप, लोकांत मिसळणं, मन अशा ८ बाजू, प्रत्येकीचे ० ते १०० वेगळे. म्हणून तर पाखाडी दमदार चढणारा माणूस आतून खचलेला आहे, हे कागदावर दिसतं. किडनीच्या रुग्णांसाठीची केडीक्यूओएल ही प्रश्नावली तर सरळ विचारते, ‘घरच्यांवर ओझं झालो असं वाटतं का?’ हे तुम्ही तुमच्या नात्यातल्या रुग्णाला कधी विचारलंत का? टोपणनावाआडून शेरे मारणं सोपं असतं, एवढंच म्हणतो.

ज्यांची बदललेली किडनीही निकामी झाली त्यांचा मुद्दा वेगळा आहे. त्यावर कधीतरी लिहीन.

राहिलं पपनस. ते नाटक नाही हो. पपनसाने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते आणि जास्त झालेली पातळी किडनीलाच बाधते. आमच्या मागीलदारी झाड आहे. चतुर्थीला माटवीला (गणपतीवर टांगतात त्या लाकडी चौकटीला) दोन पपनसं मीच बांधतो, गणपती पोचवून आलो की शेजारची पोरं सोलून खातात. यंदा फळं भरपूर धरलीयत. जवळपास राहत असाल तर येऊन घेऊन जा, म्हणजे नावही कळेल.