मालकाचं उत्तर: "तासाभराचं काम, दोन दिवस लावले"

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. "गेटवेला आयपी टाकायचा, तासाभराचं काम. दोन दिवस घालवले, दहा दिवसांत सगळं हँग, वर दुसऱ्या व्हिजिटचे १५०० रुपये लाटले," असं लिहिलंय तुम्ही. शनिवारी तुमचे तीन फोन मी उचलले नाहीत, ही चूक माझीच. गाडी चालवत होतो, पण संध्याकाळी तरी उलटा फोन करायला हवा होता. त्याबद्दल माफी मागतो.

पण "लाटले" हा शब्द लागला, सर.

गेटवे म्हणजे सगळ्या मीटरचे आकडे गोळा करून स्क्रीनवर पाठवणारा डबा. त्याला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकायला दहाच मिनिटं लागतात, खरंय. वेळ जातो तो दुसऱ्या टोकाला, आरएस-४८५ च्या, म्हणजे सगळे मीटर गेटवेला जोडणाऱ्या त्या दोन तारांवर. तुमचे १४ एनर्जी मीटर तीन कंपन्यांचे. बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, सगळ्यांचा ९६००, पण पॅरिटी, म्हणजे चूक पकडायची जादा खूण, चार मीटरना इव्हन आणि बाकीच्यांना नन. एका लाइनवर दोन तऱ्हा चालत नाहीत, म्हणून एकेका पॅनलचं दार उघडून मीटरच्या बटणांवरून सेटिंग बदलावं लागलं. एका कंपनीच्या मीटरवर ए आणि बी या दोन तारांची खूणच उलटी, तिथे तारा फिरवल्या. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा पहिल्या दिवशी साडेदहाला गेटवर हजर होता. मेन पॅनलचं शटडाउन मिळालं दोन वाजता. दोन दिवसांतला अर्धा दिवस हा असा गेला.

आता त्या दुसऱ्या व्हिजिटचं. पहिलं काम संपलं तेव्हा १४ च्या १४ मीटर स्क्रीनवर दिसत होते, सर्व्हिस रिपोर्टवर तुमच्या मेंटेनन्सची सही आहे. नंतर कॉम्प्रेसर रूममधला मीटर जळाला आणि तुमच्या इलेक्ट्रिशियननी नवा बसवला. बसवला ते ठीक, पण आम्हाला कळवलं नाही. जुन्याचा आयडी, म्हणजे लाइनवरचा त्याचा नंबर, ७ होता. नवा मीटर खोक्यातून निघाला तो १ घेऊन, आणि १ तर तुमच्या मेन इनकमरला, म्हणजे बाहेरची वीज आत येते तिथल्या मीटरला दिलेला! गेटवेने १ ला विचारलं की दोघंही एकदम बोलणार, तारेवर गोंधळ, सीआरसी एरर, म्हणजे आलेलं उत्तर खराब. ७ ला विचारलं तर तिथे कोणीच नाही. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची वेळ, १ सेकंद, वर ३ रिट्राय, म्हणजे पुन्हा तीनदा विचारणं, म्हणजे एका आयडीमागे ४ सेकंद, दोघांचे ८. एरवी सगळे मीटर मिळून दोन सेकंदांत वाचून होतात. म्हणून तुम्हाला सगळंच हँग वाटलं. गेटवेला काही झालं नव्हतं.

सापडलं कसं तेही सांगतो. मुलाने मेन इनकमरचा मीटर लाइनवरून सोडवला, तरी १ नंबर उत्तर देतच होता. व्होल्टेज बरोबर, अँपियर मात्र कॉम्प्रेसरचे. तेव्हा तुमचे इलेक्ट्रिशियन म्हणाले, "अरे, तो तर मी परवाच बदलला." नव्या मीटरला ७ दिला, पाच मिनिटांत सगळं चालू.

या पाच मिनिटांचे १५०० नाहीत, सर. सातपूरहून सिन्नरला जाऊन यायचं, पेट्रोल आणि एका माणसाचा अख्खा दिवस. मीटर किंवा वायरिंग बदललं तर व्हिजिट चार्ज लागेल, हे कोटेशनमध्ये मराठीतच लिहिलेलं आहे.

एक मान्य करतो. कोणत्या मीटरला कोणता आयडी, याचा तक्ता आम्ही पॅनलच्या दारावर चिकटवला नव्हता. असता तर कदाचित हे घडलंच नसतं. पुढे तो लावूच, फोनचंही काहीतरी करतोय. तुमची तयारी असेल तर १५०० मधले निम्मे एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, वळते करून देतो.

फक्त मीटर बदलल्याचं एक वाक्य अभिप्रायात घाला, एवढी विनंती. आमची चार माणसं या कामावर जगतात. गेल्याच आठवड्यात अंबडच्या एका पार्टीने तुमचं लिहिलेलं वाचून ऑर्डर थांबवली आहे.