ऑक्टोबर हीटमध्ये ऑटम

हाताने भेटकार्डं करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा 'ऑटम पॅलेट' (पानगळीच्या रंगांचा जुळता संच) नावाचं दुखणं जडतं. ते साधारण पितृपक्षात सुरू होतं आणि दिवाळीच्या तोंडावर, वेळ संपल्यामुळे, औषधाविना बरं होतं. लक्षणं ठरलेली. टेबलभर विटकरी-तपकिरी कागदांचे चिटोरे, फोनमध्ये स्क्रीनशॉटांची रास आणि बाहेर ठाण्याची भाजून काढणारी दुपार. पंखा लावला की चिटोरे उडतात. बंद केला की कपाळावरचा घाम नेमका क्रीम रंगाच्या कागदावर पडतो. अशा अवस्थेत आपल्याला ठरवायचं असतं, की पानगळीतला खरा तांबूस कोणता.

आता ठाण्यात ऑक्टोबरात पानगळ आणायची कुठून? येऊरचा डोंगर तेव्हा अजून पावसाचं पाणी पिऊन हिरवागार बसलेला असतो. आपल्याकडची झाडं पानं टाकतात ती थंडी सरता सरता, माघ-फाल्गुनात. शिवाय पानं नुसती गळून भागत नाही, ती रंगावी लागतात. हरितद्रव्य मोडलं की पानात आधीपासून दडलेला पिवळा वर येतो, पण लाल मात्र पानाला नव्याने तयार करावा लागतो, आणि त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा लागतो. पैकी ऊन आपल्याकडे मुबलक आहे. गारठ्यासाठी एसी आहे, पण तो झाडाला लावता येत नाही.

एकच झाड या बाबतीत आपली लाज राखतं. फुटपाथवरचा देशी बदाम. त्याचं गळलेलं पान एकदा उचलून निवांत बघा. मधली शीर अजून पोपटी असते. तिच्या दोन्ही बाजूंना हळदी पिवळा, कडेकडे सरकताना शेंदरी, मग डाळिंबी, आणि किड्याने जिथे चाखून बघितलं तिथे काथ्याचा ठिपका. एका पानात सगळी पॅलेट, तीही प्रमाणासकट: लाल भरपूर, पिवळा बेताचा, हिरवा नावापुरता, तपकिरी चिमूटभर. अडचण एवढीच, की ऑर्डर ऑक्टोबरची आणि पान थंडीतलं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत या पानांचे फोटो काढून ठेवावेत, उजेडात, सावली न पडता. सोसायटीचा वॉचमन संशयाने बघतो, पण ते सोसावं.

तरीही मागणी मेपलचीच असते. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा एकविसाव्या मजल्यावरून निरोप येतो, "ताई, एकदम फॉल फील हवा हं." सोबत नमुना म्हणून फोटो: लाकडी टेबल, लोकरीची शाल, वाफाळता मग आणि अख्खा लाल भोपळा. (भोपळा आपल्याकडे घारग्यांसाठी आणतात, पण ते असो.) क्राफ्टच्या दुकानात कागदातून पानांचे आकार कापणारे पंच मिळतात तेही मेपल आणि ओकचेच. मेपलचं पान तपकिरी कागदात कापून कार्डावर लावलं, की घरातल्या ज्येष्ठांना ते हमखास एरंडाचं वाटतं. आणि दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर एरंड कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

पण खरी गोम पानाच्या आकारात नाही, रंगांच्या गडदपणात आहे. तयार पॅलेटमध्ये रस्ट, टेराकोटा, बर्न्ट ऑरेंज, कॉपर, सिनॅमन असे पाच देखणे चौकोन ओळीने मांडलेले असतात. चौकोनांच्या मध्ये पांढरी फट असते म्हणून ते पाच दिसतात. ती फट काढून तेच पाच कागद एकमेकांवर चिकटवा, की सगळे मिळून एक वीट तयार होते. कारण पाचही रंग उष्ण, आणि पाचांचा गडदपणाही जवळपास सारखाच. याची परीक्षा फुकटात होते. निवडलेले कागद शेजारी-शेजारी ठेवून फोनने फोटो काढायचा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. करड्याच्या निदान तीन स्पष्ट पायऱ्या दिसल्या, तर पुढे जायचं. सगळं एकाच करड्यात बुडालं, तर मन घट्ट करून दोन कागद उचलायचे आणि कपाटात ठेवायचे. कुठले दोन, यावर घरात चर्चा करू नये. चार माणसं चार वेगळे कागद उचलतात आणि शेवटी टेबलावर फक्त कात्री उरते.

माझं मत विचाराल तर चार रंग पुरेत. एक अगदी फिकट, म्हणजे क्रीम किंवा मोतिया. एक अगदी गडद, म्हणजे कॉफी किंवा बाटलीचा हिरवा. मधला एकच उष्ण रंग, विटकरी घ्या नाहीतर मस्टर्ड. आणि चौथा थंड: मोरपंखी किंवा राखाडी निळा, अगदी थोडा. निळा म्हटलं की लोक दचकतात, 'हा कुठे ऑटम?' म्हणतात. पण रंगचक्रात शेंदरीच्या समोर निळाच बसतो, आणि तो बाजूला आला की विटकरी एकदम पेटून उठतो. लाल आणि हिरवा समसमान गडदपणाचे कधीही लागून ठेवू नयेत. त्यांची सीमारेषा डोळ्यांपुढे थरथरते. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, त्यातही पुरुष, दिसतात त्याहून बरेच असतात. अशा एखाद्या काकांना लाल पार्श्वभूमीवर हिरव्या अक्षरांत 'शुभ दीपावली' पाठवली, तर त्यांना कोरं कार्ड मिळतं, आणि ते आपल्याला कंजूष समजतात.

रंग ठरले की प्रमाण. साठ-तीस-दहाचा नियम (मुख्य रंग साठ टक्के, जोडीचा तीस, उठावाचा दहा) सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण कार्डावर दहा टक्के म्हणजे किती, हे विचारा. ए-फोर शीट अर्धी कापून घडी घातली की कार्ड होतं १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्याचे दहा टक्के म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटरचा एक चौरस. तीस टक्के म्हणजे कार्डाच्या पूर्ण रुंदीची, साडेचार सेंटिमीटर उंचीची पट्टी. बस. मोरपंखी किंवा सोनेरी काय असेल ते त्या चार सेंटिमीटरच्या चौरसात मावलं पाहिजे. सोनेरी कागदाच्या बाबतीत तर हे कायदा करून सक्तीचं करायला हवं. आपल्याकडे सोनेरी एकदा हातात आला की तो थेट लग्नपत्रिकेपर्यंत जाऊनच थांबतो.

थरांवर थर लावायचे असतील तर प्रत्येक वरचा कागद खालच्यापेक्षा लांबी-रुंदीत ५ मिलिमीटर लहान कापावा, म्हणजे चारही बाजूंना अडीच मिलिमीटरची कड दिसते: १०५ बाय १४८ वर १०० बाय १४३, त्यावर ९५ बाय १३८. ही अडीच मिलिमीटरची कड पॅलेटमधला सर्वांत बोलका भाग असतो. क्रीम आणि मस्टर्डच्या मध्ये कॉफीची बारीक कड आली, की दोघेही सुटे आणि स्वच्छ दिसतात. कड दोन बाजूंना तीन आणि दोन बाजूंना दोन अशी झाली, तर मात्र जगातली कुठलीही पॅलेट ते झाकू शकत नाही. पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण तो कार्ड तिरकं करून बघत राहतो.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. पहिली, कागद रात्री घेऊ नये. स्टेशन रोड असो की राम मारुती रोड, दुकानातल्या पांढऱ्याफेक एलईडीखाली जुळलेले दोन विटकरी बाल्कनीत आणले की एक तांबडा निघतो आणि दुसरा जांभळट. आणि हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली ते पुन्हा गळ्यात गळे घालतात. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले रंग एका उजेडात सारखे दिसतात, दुसऱ्यात नाही. दुकानदार म्हणणार, "मॅडम, सेम टू सेम आहे, घरी जाऊन बघा." घरी जाऊन नाही, त्याच्याच पायरीवर येऊन बघायचं, दिवसाउजेडी.

दुसरी, कागदाचा कोपरा किंचित फाडून (विचारून) आतला रंग बघावा. काही गडद कार्डशीट आतपर्यंत रंगीत असतात. काही फक्त वरून रंगवलेले, पोटात पांढरे. घोटीव कागद तर मागून उघडउघड पांढराच. असा कागद कापला की प्रत्येक कडेला पांढरी रेघ डोकावते, आणि घडीवर तडे गेले की डाळिंबी कार्डाला मधोमध पांढरा भांग पडतो. भांग टाळायचा तर घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने हवी. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने ती मुकाट वाकते, घडी त्याच दिशेने. मग २५० ते ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन, म्हणजे जाडसर) कागदावर स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबायची आणि दाबलेल्या खोबणीपासून उलट बाजूला घडी घालायची. खोबणीत घडी घालावीशी वाटते, हात आपोआप तिकडेच जातो. त्याला अडवा.

काही जण कागद विकत घेण्याऐवजी रंगवतात. त्यांची सहनशक्ती थोर आहे. पोस्टर कलरमध्ये मस्टर्ड करायचा म्हणून पिवळ्यात काळा टाकला, की मस्टर्ड होत नाही, शेवाळ होतं. काळ्यात बहुधा निळसर झाक असते, ती पिवळ्याला धरून हिरवी होते. त्यापेक्षा सहा भाग पिवळ्यात एक भाग बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी. झालेलं शेवाळ टाकू नका, ऑलिव्ह म्हणून खपतं, पॅलेटमध्ये त्याला मान आहे. विटकरीसाठी शेंदरीत निळा ब्रशच्या टोकाने, अक्षरशः थेंबाने. दुसरा थेंब पडला की तपकिरी, तिसरा पडला की गटार. आणि ओल्या रंगावर निकाल देऊ नका. पोस्टर कलरच्या फिकट छटा वाळल्यावर गडद होतात, गडद छटा फिकटतात. ठाण्याच्या दमट हवेत वाळणं ही स्वतंत्र साधना आहे. रंगवलेली कार्डं वाळली असं वाटून एकावर एक रचली, की सकाळी त्यांचं पुस्तक झालेलं असतं. गोंदाचंही तसंच. पाणीदार गोंद लावला की पातळ कागद फुगून पापड होतो, म्हणून थरांना डबल-साइड टेप किंवा ग्लू स्टिक.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन. आपल्याकडे शरद ऋतू आहे, त्याचे स्वतःचे रंग आहेत, आणि ते मेपलला भीक घालत नाहीत. कल्याणच्या पुढे टिटवाळा-आसनगावकडे लोकलच्या खिडकीतून बघा: भात पिकलेला असतो, सोनेरीही नाही आणि पिवळाही नाही, वर हिरव्याची ओल शिल्लक. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्यावर झेंडूचे ढीग: एक केशरी, एक लिंबू-पिवळा, आणि खाली ओला काळपट गोणपाट, जो त्या दोघांना उठाव देतो. (गोणपाटाचा रंग कोणी पॅलेटमध्ये घेत नाही. घ्यावा.) कोजागिरीचं दुधाळ पांढरं आणि आकाशाचा शाईसारखा निळा. आणि नवरात्रात तर ठाणे लोकलचा लेडीज डबा रोज एका रंगात न्हालेला असतो. ज्यांना एकाच रंगाच्या छटा शिकायच्या आहेत त्यांनी हिरव्या दिवशी सकाळी आठची गाडी पकडावी. पोपटी, शेवाळी, मेंदी, बाटली, मोरपंखीला हिरवा समजून आलेल्या दोघी, सगळं एका डब्यात, तेही एकमेकींना चिकटवून, म्हणजे कुठला रंग कुणाशेजारी मरतो तेही कळतं.

आपट्याचं पान तर जन्मतःच घडी घातलेलं कार्ड आहे. वर्तमानपत्रात आठ-दहा दिवस दाबायचं, दोन-तीन दिवसांनी कागद बदलायचा. हिरवा उतरून मातकट होतो, तो क्रीमवर फार छान बसतो. अख्खा झेंडू दाबू नका, बोंडात ओल राहते आणि बुरशी धरते. पाकळ्या सुट्या करून दाबा. हळदीने रंगवलेला कागद पहिल्या दिवशी बघण्यासारखा असतो, पण उजेडात तो रंग उडतो. कार्ड खिडकीशी ठेवणाऱ्यांना हळद पाठवू नये.

राहिला लिफाफा. या कार्डाला ११४ बाय १६२ मिलिमीटरचा सी-सिक्स लागतो. गडद डाळिंबी लिफाफा भारदस्त दिसतो, पण त्यावर पत्ता पांढऱ्या जेल पेनानेच लिहावा लागतो. सोनेरी पेन दिव्याखाली चमकतं आणि बरोबर पिनकोडच्या जागी दिसेनासं होतं. मी बाहेरून क्रीम घेते आणि आत मस्टर्ड कागदाचं अस्तर लावते, १२० जीएसएमचं, झाकणाच्या डिंकाच्या पट्टीपासून ५ मिलिमीटर आत कापलेलं. अस्तर लावलेले लिफाफे ठेवताना झाकणं उघडी ठेवायची आणि मध्ये बटर पेपर सारायचा. इथल्या हवेत तो डिंक कुणी जीभ लावायची वाट बघत नाही, आणि ऐन वसुबारसेला पन्नासच्या पन्नास लिफाफे रिकामेच सीलबंद सापडतात.