पीई आठ अन् मक्त्याचं वावर

राजेहो, वर्षभरात चार-पाच जणांनी एकच गोष्ट विचारली, भाऊ टाटा मोटर्स एवढा पडला, अमेरिकेच्या टॅरिफमुळे (आयात करामुळे) स्वस्त भेटून रायला, घ्यावं का. मी काही सेबीवाला नाही, पांढरकवड्याकडे एका जिनिंगात हिशोब लिहितो, घरी सहा एकर वावर आहे. सल्ला देत नाही, माझं काय झालं तेवढं सांगतो.

पहिले ४० शेअर मी सप्टेंबर २०२४ मध्ये हजाराच्या आतबाहेर घेतले. कारण काय तर जुलैच्या शेवटी तो ११७९ पर्यंत जाऊन आला होता म्हणून हजारात स्वस्त वाटला, बस. बाजारात बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, दहा लोकाले विचारतो, अन् इथं चाळीस हजार एका बोटानं दाबून दिले.

मंग २०२५ चा मार्च संपता संपता ट्रम्पनं बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के टॅरिफ जाहीर केला, ३ एप्रिलपासून लागू. आधीचा अडीच होताच, म्हणजे साडेसत्तावीस. तेव्हा टाटा मोटर्सचा बहुतेक धंदा यायचा जेएलआरमधून, म्हणजे जग्वार लँड रोव्हर, २००८ साली फोर्डकडून घेतलेली. तिच्या विक्रीतला साधारण चौथा हिस्सा अमेरिकेत जातो अन् अमेरिकेत तिचा एकही कारखाना नाही. तिनं एप्रिलमध्ये अमेरिकेला गाड्या पाठवणंच थांबवलं. ७ एप्रिलला शेअर दिवसभरात साडेपाचशेच्याही खाली जाऊन आला. बाबा म्हणाले, "काहून रे, आपल्या छोट्या हत्तीवर अमेरिका कायले टॅक्स लावते?"

बाबांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गावात टाटा म्हणजे छोटा हत्ती नाही तर जिनिंगच्या गेटावर रांगेत उभा असलेला ट्रक. पण शेअरचा भाव ठरत होता लंडन-न्यूयॉर्कात कोणी रेंज रोव्हर घेते की नाही यावर. मलेही हे नीट कळलं ते पैसे अडकल्यावरच.

तर एप्रिलात मी पाहिलं, पीई (शेअरचा भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट) आठच्या आसपास. मारुतीचा पंचविशीच्या घरात. मले वाटलं लॉटरी लागली, ६२० च्या आसपास आणखी ६० घेतले, त्यातले काही पैसे खताचे होते (हे घरी अजून माहीत नाही, कोणी सांगू नका).

इथंच खरी चूक झाली. पीई काढताना नफा घेतात मागच्या वर्षाचा, अन् जेएलआरचं मागचं साल म्हणजे दहा वर्षातलं सगळ्यात चांगलं साल होतं, करापूर्वीचा नफा अडीच अब्ज पौंड. हे म्हणजे मागच्या साली एकरी बारा क्विंटलचा उतारा पाहून वावर मक्त्यानं घेण्यासारखं झालं. मालक मागचा उतारा सांगून मक्ता मागते, पण पिकवायचं असते पुढच्या सालात. गाड्यांच्या कंपन्यांचं हे असंच आहे, तेजी-मंदीचा धंदा, पीक जोरात असते तेव्हाच पीई सगळ्यात कमी दिसते अन् आपल्यासारख्याले वाटते फुकटात भेटून रायलं. जूनमध्ये कंपनीनंच सांगून टाकलं की या वर्षी जेएलआरचं मार्जिन (विक्रीतला नफ्याचा हिस्सा) दहाच्या ऐवजी पाच ते सात टक्के राहील. म्हणजे मी ज्या आठच्या पीईवर नाचत होतो तो तेव्हाच आठ राहिला नव्हता.

टॅरिफ त्यामानानं लवकर निवळला. मे महिन्यात ब्रिटनचा अमेरिकेशी करार झाला, वर्षाला एक लाख गाड्यांपर्यंत १० टक्के. पण डिफेंडर बनते स्लोवाकियात, नित्रा नावाच्या गावी, तिले ब्रिटनचा करार लागू नाही, तिच्यावर ऑगस्टपासून युरोपातल्या गाड्यांवरचा १५ टक्के लागला. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं, कोणती गाडी कुठं बनते, किती टॅक्स, मले वाटलं मी आता एक्स्पर्ट झालो. अन् मार बसला तो भलतीकडूनच. ऑगस्ट संपता संपता जेएलआरच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला, पाच आठवडे कारखाने बंद. नोव्हेंबरमध्ये मार्जिनचा अंदाज आला शून्य ते दोन टक्क्यावर. माझ्या वहीत हॅकरचा रकानाच नव्हता.

मधात डिमर्जरची, म्हणजे कंपनीच्या वाटणीची गंमत झाली. १४ ऑक्टोबरले सकाळी ॲप उघडलं तर ६६० चा शेअर ४०० वर, लाल, चाळीस टक्के खाली. जिनिंगातल्या एका पोऱ्याचा चेहराच उतरला, लगेच विकायला निघाला होता, त्याले धरून सांगतलं बाबा ट्रकचा धंदा वेगळा निघाला, त्याचा एकाले एक शेअर भेटणार आहे. तो १२ नोव्हेंबरले लिस्ट झाला, एनएसईवर ३३५ ला. म्हणजे छोटा हत्ती एकीकडे अन् रेंज रोव्हर दुसरीकडे, बाबाले आता समजावणं सोपं झालं.

मंग विकलं का? नाही. कंपनीचं कर्ज फिटलं होतं म्हणून नाही विकलं. दिवाळीत कापूस कोण विकते? ज्याच्या डोक्यावर देणं आहे तो. मिळेल त्या भावात खेडा खरेदीवाल्याले देऊन टाकते. ज्याचं देणं फिटलं तो कापसाची गंजी घरात ठेवून मार्चपर्यंत थांबू शकते. २०२० च्या मार्चमध्ये हाच शेअर सत्तरच्या खाली होता तेव्हा कंपनीवर कर्जाचा डोंगर होता. २०२५ च्या मार्चले गाड्यांच्या धंद्यावर निव्वळ कर्ज राहिलं नव्हतं. म्हणून या टॅरिफात अन् त्या हल्ल्यात ती मेली नाही असं मले वाटते. पण पाच आठवड्यात किती रोकड जळली ते पुढच्या रिझल्टमध्ये पाहावं लागल, तोवर एकही शेअर वाढवणार नाही.

एक कबुली देतो. १९ ऑगस्टले आपल्या सरकारनं बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढली, मंग सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, तेव्हा चौकात सगळ्यात जोरात मीच ओरडत होतो, ड्युटी लावा, शेतकरी मेला. अन् त्याच हप्त्यात रात्री मोबाईलवर ट्रम्पले शिव्या देत होतो की हा माणूस ड्युटी काहून लावते. बाहेरच्या महागड्या गाडीवर आपण स्वतः तेव्हा शंभर टक्क्याच्या वर घेत होतो हे तर आठवलंही नाही. कापूस विकणारा मी वेगळा अन् शेअर घेणारा मी वेगळा, दोघांचं अजून जमलेलं नाही.

सीसीआयचा (सरकारी कापूस खरेदीचा) स्लॉट मंगळवारचा भेटला आहे. २०२५-२६ चा हमीभाव ८११०, पण ओलावा आठच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला तर गाडी वापस. रोज दुपारी गंजी उघडून उन्हात पसरवतो, संध्याकाळी ताडपत्री टाकतो. चुकारा आला की पहिले खताचे पैसे जागेवर ठेवायचे आहेत, बाबांनी पासबुक मागायच्या आत.