'आणि थेट अमेरिका' म्हणे!

परवा आमच्या दहावीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, कधी बेसबॉल बघितला नव्हता, एका स्पर्धेत बॉल फेकला आणि थेट अमेरिका! खाली फोटो केकेआरच्या रिंकू सिंहचा. अहो, तो अलीगढचा, पाच सिक्सवाला. हा बेसबॉलवाला रिंकू सिंह वेगळा, भदोहीचा.

फोटो चुकला ते एक वेळ सोडून देऊ. मला खटकलं ते 'आणि थेट'.

भदोही म्हणजे उत्तर प्रदेशातला गालिच्यांचा जिल्हा. तिथल्या होलेपूर गावात नऊ भावंडांतला हा एक. घर एका खोलीचं, वीज होती पण पाणी विहिरीवरून. हे सगळं खरंच आहे. पण फॉरवर्डवाले इथून जी उडी मारतात ती डायरेक्ट २००८ च्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेत. मधली लखनौची वर्षं गायब! तिथल्या गुरु गोविंदसिंग स्पोर्ट्स कॉलेजमध्ये, म्हणजे सरकारी निवासी क्रीडा शाळेत, हा पोरगा भाला फेकत होता. ज्युनिअर नॅशनलला पदक होतं त्याच्याकडे. त्याच्याबरोबर निवडला गेलेला दिनेश पटेलही तिथलाच, तोही भालाफेकीचाच.

जे. बी. बर्नस्टीन हा अमेरिकन एजंट ही स्पर्धा घेऊन इथे आला होता, क्रिकेटवाल्या देशातून पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉल फेकणारा, शोधायला. हजारो पोरांनी बॉल टाकून बघितले आणि शेवटी निवडले गेले दोन भालाफेकवाले. मला यात काहीच नवल वाटत नाही. आपल्या बोलरला लहानपणापासून सांगतात, कोपर वाकवू नकोस, फेकी होईल. बेसबॉलमध्ये तर फेकायचंच असतं, तेही रनअप न घेता. आणि भाल्यात सगळा जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणून हात शेवटी चाबकासारखा सोडायचा असतो. डावखुऱ्या रिंकूने ताशी ८७ मैलांनी, म्हणजे १४० किलोमीटरने बॉल फेकला आणि एक लाख डॉलर जिंकले. तो वेग काय त्या दिवशी आभाळातून पडला?

हे मी ऐकीव सांगत नाही. आठवी ते दहावी मीही भाला फेकलाय. भाला कसला, बांबूच. पुढे लोखंडी टोक, मध्ये धरायला सुतळी गुंडाळलेली. हाताला घाम आला की ती सुतळी सरकायची आणि भाला आडवाच पडायचा. पीटीचे सर लांबून ओरडायचे, "कोपर वर! कानाच्या वर!" रात्री खांदा इतका ठणकायचा की आई तव्यावर फडकं गरम करून शेकायची. तालुक्याला दुसरा आलो. जिल्ह्याला जायला गाडीभाडं नाही म्हणाले, विषय संपला. मी काही रिंकू झालो नसतो, एवढी अक्कल आहे मला. पण फेकणाऱ्याचा खांदा कसा तयार होतो ते माहीत आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत टॉम हाऊस या कोचने दोघांना पिचिंग शिकवलं आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगच्या, संघाने करार केला. पण तेही 'थेट' नव्हतं बरं का. करार मायनर लीगचा, म्हणजे त्याखालच्या लीगचा, तिथल्या सगळ्यात खालच्या पायरीपासून. जुलै २००९ मध्ये फ्लोरिडात रिंकूच्या नावावर पहिला विजय लागला. दिनेशला २०१० च्या अखेरीस सोडून दिलं. रिंकू मात्र वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल ए, म्हणजे मायनर लीगमधल्याच वरच्या एका पायरीच्या, संघापर्यंत चढला, २०१२ मध्ये ३९ सामने खेळला. मग दुखापतींनी हात धरला तो सुटलाच नाही. मेजर लीग राहिली ती राहिलीच. २०१८ ते २०२४ तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत होता, पुढे वीर महान या नावाने.

गरिबी सांगू नका असं माझं म्हणणं नाही. पण गरीब पोरं भदोहीत काय कमी होती? याला होस्टेल मिळालं, मैदान मिळालं, रोज भाला फेकून घेणारं कुणीतरी मिळालं. डिस्नेने २०१४ मध्ये सिनेमा काढला तोही एजंटच्या नजरेतून. त्या सरकारी होस्टेलवर कोण काढणार सिनेमा!

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले. मग एकाने विचारलं, "आपल्या शाळेतले ते भाले कुठे गेले रे?"

दुसऱ्याने लिहिलं, "गॅदरिंगच्या मांडवाला लावले होते. मीच बांधले."