उलटी तार

काल पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्या पोट्ट्यानं विचारलं, ‘दादा, दरवाजा उघडला का?’ म्हणजे मोठ्याबाबांनी गावभर केलंच.

‘सिस्टीम शॉक २’ हा १९९९ चा कॉम्प्युटर गेम. त्याचा एडिटर, शॉकएड, म्हणजे गेममधल्या खोल्या-दारं स्वतः बांधायचं सॉफ्टवेअर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर अजून चालतो. त्यात खोली बांधली, दार बसवलं, शेजारी कीपॅड ठोकला. कोड दिला ४५१. कोड ठाऊक नसेल त्यानं हॅक करायचं. म्हणून यशाची टक्केवारी, बिघाडाची टक्केवारी, किती नॅनाइट (गेममधले पैसे) लागतील, सगळं इमानदारीनं भरलं. खेळून पाहिलं. कीपॅड हॅक झाला. दार ढिम्म.

या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची. म्हणजे मोठेबाबा रात्री ओलितावर आणि दिवसा माझ्या खुर्चीमागं.

‘४५१ काहून?’

‘अशा गेमात पयल्या दाराले हाच नंबर देतेत मोठेबाबा, रीत हाय.’

‘गट नंबर ४५१ तं पाटलाचं वावर हाय. कोर्टात हाय. थे काय उघडते बापा!’

मी गप्प.

‘अन् हॅक म्हंजे?’

‘किल्लीबिगर उघडाचं.’

‘मंग लाथ मार ना.’

‘लाथ नाही त्याच्यात. पाना हाय.’

‘पाना हाय अन् बटनं दाबत बसला?’

मग त्यांच्या मोटारीचं पुराण. स्टार्टरला सिमकार्डाचा डबा बसवलाय. खाटेवरून मिसकॉल दिला की विहिरीवर मोटार सुरू. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. एकदा पोळ्याच्या दिवशी चुकून कॉल लागला आणि बांधापलीकडच्याची तूर पाण्यात बसली, हे मात्र ते सांगत नाहीत. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही.

‘तुह्या दाराची तार कुठून कुठं गेली?’

मी स्विचलिंक, म्हणजे एडिटरातली तार, दाखवली. दारापासून कीपॅडपर्यंत.

त्यांनी खर्रा गालात सरकवला. ‘लेका, स्टार्टर मोटरले सांगते का मोटर स्टार्टरले?’

लिंक उलटी केली. दार उघडलं. ‘मी तेच करनार होतो,’ म्हणालो, ते त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. चप्पल घालून ते पानठेल्याकडे निघाले होते.

आणि पाच मिनिटांत लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, लेव्हल सेव्ह केलेली नाही. तीन दिवसांचं काम गेलं. हे कोणी पानठेल्यावर विचारत नाही. लाइट गेली की वायरमनचा फोन बंद, आणि आपण मात्र ‘पोट्टा घरी बसून दरवाजे उघडते’.

रात्री सगळं पुन्हा बसवलं. कोड बदलला, ४५२.

सकाळी मोठेबाबा म्हणाले, तोही गट कोर्टातच आहे.