चोराचे हाल बघवत नाहीत

मुंबईत सगळ्यांची सोय बघितली जाते, मग चोरानेच काय घोडं मारलंय? बिचारा भर उन्हात बंद घरं हुडकत फिरतो. तुम्हीच थोडा हातभार लावा. मे महिन्यात गावी निघालात की कोकणकन्येच्या दारातला सेल्फी स्टेटसला टाका, खाली 'आता दहा दिवस नो टेन्शन'. दूधवाल्याला मात्र काही सांगू नका. दाराला तीन दिवसांच्या पिशव्या लटकल्या की पत्ता विचारावा लागत नाही, वासावर घर सापडतं.

दाराला सात लिव्हरचं कुलूप हवंच. त्यावर सेफ्टी डोअर, त्यावर लिंबू-मिरची. किल्ली रॅकमधल्या जुन्या बुटात, डाव्या. आमच्या मजल्यावर चारही घरांची तिथेच असते. परवा कुरिअरवाल्याने कुणाला न विचारता शेजाऱ्यांच्या बुटातून किल्ली काढली, पार्सल आत ठेवलं आणि कुलूप लावून गेला. मजल्यावर केवढं कौतुक झालं त्याचं!

लोकलमध्ये दारातच उभे राहा, फोन बाहेरच्या हातात. गाडी हळू झाली की रुळांलगतच्या फटका गँगला काठीचा एक फटका पुरतो. कधीकधी फोनमागोमाग माणूसही खाली जातो, पण रील अर्धवट कसं सोडायचं? आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कुठेही लिहून ठेवू नका. उगाच सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर फोन ब्लॉक व्हायचा आणि चोराच्या हाती नुसता डबा राहायचा.

कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या आजीला एवढंच शिकवा, की साध्या वेशातले 'पोलीस' भेटले तर हुज्जत नको. 'पुढे खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधा' म्हणाले की बांधायचे. घरी येऊन पुडी सोडली की खडे निघतात.

व्हिडिओ कॉलवरच्या 'पोलीस' साहेबांनी आजोबांना 'डिजिटल अरेस्ट' केली तर कायद्यात अशी अटकच नाही, असं म्हणून साहेबांचा पाणउतारा करू नका. पैसे गेले तरी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला लगेच फोन नको. वेळेत लावला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठते म्हणे. आधी नातेवाइकांत चर्चा होऊ द्या, दोन दिवस तरी.

सोसायटीचा सीसीटीव्ही? आहे ना. गणपतीत रोषणाईसाठी त्याचा प्लग काढला होता. तिथे सध्या वॉचमनचा फोन चार्जिंगला असतो.